पायांचा वास जात नसेल तर आधी बूट वाळवा

कुणाच्या दारात बूट काढायची वेळ आली की काही जणांचा जीव अर्धा होतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात तर हे फारच होतं. पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळायला जाणारी भरतीची पोरं असोत की एमआयडीसीत पाळीभर सेफ्टी शूज घालून उभे राहणारे कामगार, पाय रोज धुतात, तरी वास जात नाही. त्यांना ‘जरा स्वच्छ राहा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कारण घामाला स्वतःला जवळजवळ वास नसतो. दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. बंद बुटात तो घाम सुकत नाही, कातडी भिजून मऊ पडते आणि तिच्यावरचे जिवाणू वाढतात. घामातल्या ल्युसिन या अमिनो आम्लापासून ते आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात; तो आंबूस, कुबट वास मुख्यतः त्याचा. काही प्रकारच्या चीजलाही असाच वास येतो, तो याच जातकुळीतल्या जिवाणूंमुळे. म्हणजे खरी लढाई ओलाव्याशी आहे.

सुरुवात बुटांपासून करा. एकच जोड रोज घालू नका. आतून वाळायला त्याला निदान एक पूर्ण दिवस लागतो. दोन जोड आलटून पालटून वापरा. घरी आल्यावर नाड्या सैल करा, आतला सुटा तळ बाहेर काढा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. दोन तासांनी बोळे बदला, कारण भिजलेला कागद तसाच राहिला तर काही उपयोग नाही. मग बूट पंख्याखाली ठेवा. ऊन पडलं की तळ उन्हात टाका. बूट ओले असताना कपाटात किंवा पिशवीत बंद करू नका.

पाय रात्री साबणाने धुवा. बोटांच्या बेचक्या चोळा आणि नंतर पंच्याने एकेक बेचकी कोरडी करा. घाईत हीच पायरी सुटते, आणि चिखल्या तिथेच होतात. मोजे रोज धुतलेले हवेत, उलटे करून धुवा. नायलॉनचे टाळा. सुती चालतात, पण ते ओले झाले की बदलायलाच हवेत. म्हणून डब्याच्या पिशवीत एक जास्तीचा जोड ठेवा.

घाम फारच येत असेल तर दोन चमचे चहापूड अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, त्यात थंड पाणी घाला आणि पाय वीस-तीस मिनिटं बुडवून बसा. चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे घाम कमी होतो, असं मानतात. आठवडाभर रोज करून पाहा. औषधाच्या दुकानात ॲल्युमिनियम क्लोराइडचं घामरोधक मिळतं. ते रात्री, पूर्ण कोरड्या पायांना लावायचं. जखम किंवा भेगा असतील तर यातलं काहीच नको.

आता तळवा उजेडात नीट बघा. टाचेवर किंवा चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील, तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. बोटांमध्ये खाज आणि पांढरी सोललेली कातडी असेल तर बहुधा बुरशी. दोन्हींवर लावायची औषधं वेगळी आहेत, त्यामुळे शेजाऱ्याचं मलम उसनं न घेता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असणाऱ्यांनी गरम पाण्यात पाय घालू नयेत. बधिर पायाला चटका कळत नाही.