लष्करी तळाच्या शुद्धीकरणाच्या निर्णयांत नागरिकांना कसे सहभागी करून घ्यावे

अमेरिकेत लष्करी तळांवरील दूषित जमीन आणि भूजल स्वच्छ करण्याचे काम प्रामुख्याने १९८० च्या सुपरफंड कायद्याच्या (घातक द्रव्यांनी दूषित जागा स्वच्छ करण्यासाठीच्या कायद्याच्या) आणि १९८६ च्या दुरुस्तीच्या चौकटीत चालते. या चौकटीत ज्या खात्यामुळे प्रदूषण झाले तेच खाते तपासही करते, उपायही सुचवते आणि खर्चही उचलते. राष्ट्रीय प्राधान्य यादीतल्या, म्हणजे देशातील गंभीर प्रदूषणाच्या जागांच्या यादीतल्या, तळांवर उपायाची निवड पर्यावरण संरक्षण संस्थेबरोबर संयुक्तपणे होते आणि मतभेद मिटला नाही तर अखेरचा निर्णय त्या संस्थेचा असतो. तरीही तळाच्या कुंपणाशेजारी राहणाऱ्या माणसाला ही सारी व्यवस्था आतल्या आत चाललेली वाटते. नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प लेजून या लष्करी तळावर पिण्याच्या पाण्यातील विद्रावकांचे (तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या रसायनांचे) प्रदूषण १९८२ मध्ये आढळले आणि सर्वाधिक दूषित विहिरी १९८५ मध्ये बंद झाल्या. असा इतिहास ठाऊक असलेल्या लोकांसमोर आपण उभे आहोत, हे सहभागाची आखणी करणाऱ्याने आधी मान्य केले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. कायद्याने बंधनकारक केलेली हरकती व सूचनांची मुदत प्रस्तावित योजना प्रसिद्ध झाल्यावर येते, म्हणजे तोवर पर्यायांची छाननी संपलेली असते. लोकांना त्या टप्प्यावर प्रथम बोलावणे म्हणजे ठरलेल्या गोष्टीला संमती मागणे होय. नियमांनुसारही सविस्तर तपासासाठी प्रत्यक्ष जागेवर काम सुरू होण्यापूर्वीच स्थानिक अधिकारी, रहिवासी आणि नागरी गटांच्या मुलाखती घेऊन लोकसहभागाचा आराखडा तयार करावा लागतो. या मुलाखती उरकण्याचा उपचार समजू नयेत. कोणत्या खड्ड्यात पिंपे पुरली जात, अग्निशमनाचा सराव कुठे होई आणि कोणत्या विहिरीच्या पाण्याला वास येई, हे तळावर काम केलेल्या निवृत्त कामगारांना अनेकदा कागदपत्रांहून अधिक अचूक ठाऊक असते, आणि नमुने कुठून घ्यायचे हे ठरवताना त्या माहितीचा थेट उपयोग होतो.

दीर्घकाळ चालणाऱ्या कामासाठी पुनर्स्थापना सल्लागार मंडळ, म्हणजे तळाचे अधिकारी आणि नागरिक एकत्र बसून शुद्धीकरणावर चर्चा करतात असे मंडळ, स्थापन करावे. पन्नास नागरिकांनी लेखी मागणी केली, स्थानिक, राज्य किंवा संघराज्य शासनाने अथवा मूळ अमेरिकी आदिवासींच्या स्वशासनाने विनंती केली, अथवा तळ बंद होऊन जमीन समाजाकडे हस्तांतरित होणार असेल, तर लोकांना पुरेसे व टिकाऊ स्वारस्य असल्याचे मानून असे मंडळ नेमले जाते. मात्र मागणीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मंडळाला दोन सहअध्यक्ष असतात, एक तळाचा आणि एक नागरिकांचा. येथे मतदानाने किंवा एकमताने निर्णय होण्याची अट नाही, प्रत्येक सदस्य स्वतःचा सल्ला स्वतंत्रपणे देतो, त्यामुळे एकट्या पडलेल्या सदस्याचा आक्षेपही इतिवृत्तात जसाच्या तसा आला पाहिजे. सदस्य निवडताना भाडेकरू, खासगी विहिरीचे पाणी पिणारी कुटुंबे आणि जवळचे आदिवासी समुदाय सुटणार नाहीत, याकडे माझ्या मते सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण बैठकीला आपणहून येणारे लोक बहुधा वेळ आणि साधने असलेले असतात.

माहिती खुली ठेवणे म्हणजे हजारो पानांचे अहवाल ग्रंथालयात नेऊन ठेवणे नव्हे. ट्रायक्लोरोइथिलीन या विद्रावकासाठी पिण्याच्या पाण्यातील मर्यादा अब्जात पाच भाग आहे, हे सांगताना तळाबाहेरच्या विहिरीत ते किती आढळले आणि दूषित पाण्याचा प्रवाह कोणत्या दिशेने सरकत आहे, हे एका नकाशावर दाखवावे. पीएफएएस (अग्निशमनाच्या फेसात वापरली गेलेली, सहजी न विघटणारी रसायने), पर्क्लोरेट (रॉकेटच्या इंधनातला क्षार) किंवा न फुटलेला दारूगोळा यांपैकी काय सापडले आहे आणि काय अद्याप तपासलेलेच नाही, हे वेगवेगळे सांगावे. मंडळाला स्वतंत्र तज्ज्ञाची गरज वाटल्यास १९९८ च्या नियमांनुसार तांत्रिक साहाय्याचा निधी मागता येतो. वर्षाला २५,००० डॉलर किंवा शुद्धीकरणाच्या अंदाजित उर्वरित खर्चाचा एक टक्का, यांतील कमी रक्कम, आणि एका तळासाठी एकूण १,००,००० डॉलर ही त्याची सर्वसाधारण मर्यादा आहे. ही सोय तळानेच पहिल्या बैठकीत सांगावी.

खरी चर्चा जमिनीच्या भावी वापरावर घडवून आणावी, कारण बाकीचे बरेच काही तिथेच ठरते. त्या जागी घरे होणार असतील तर मातीतील प्रदूषकाची अनुज्ञेय पातळी कडक असते, कारखाना किंवा धावपट्टी राहणार असेल तर ती शिथिल होते, आणि मग विहीर खोदण्यास वा जमीन उकरण्यास मनाई अशा निर्बंधांवर पुढची अनेक वर्षे विसंबावे लागते. ते निर्बंध कोण पाळून घेणार, जमीन विकली गेल्यावर नव्या मालकाला ते कसे कळणार, असे प्रश्न नागरिकांनी विचारावेत आणि तळाने नावे व जबाबदाऱ्यांसह उत्तरे द्यावीत. उपाय निवडण्याच्या नऊ निकषांपैकी समाजाची स्वीकृती हा शेवटचा असून त्याचा विचार हरकती आल्यावरच पूर्ण होतो. म्हणूनच आरोग्याचे संरक्षण, दीर्घकालीन परिणामकारकता आणि खर्च हे आधीचे निकष लावताना कोणती गृहीतके धरली, ते मंडळासमोर मसुद्याच्या अवस्थेतच ठेवावे.

प्रस्तावित योजना प्रसिद्ध झाल्यावर किमान ३० दिवसांची मुदत आणि जाहीर सभेची संधी द्यावी लागते, आणि वेळेत विनंती आल्यास मुदत किमान आणखी ३० दिवस वाढवावी लागते. सभेत तज्ज्ञांचे सादरीकरण आटोपशीर ठेवून उरलेला वेळ लोकांना द्यावा. निवडलेला उपाय नोंदवणाऱ्या निर्णयपत्रासोबत हरकतींना उत्तरे जोडली जातात. त्यांत कोणत्या सूचनेमुळे योजनेत नेमका कोणता बदल झाला आणि जी सूचना नाकारली ती कोणत्या कारणाने, हे स्पष्ट लिहावे. अनेक वेगळ्या आक्षेपांना एकच साचेबंद उत्तर दिले की पुढच्या वेळी ते लोक येत नाहीत.

दूषित द्रव्य जागेवर शिल्लक राहून वापरावर निर्बंध ठेवावे लागत असतील, तर किमान दर पाच वर्षांनी उपायाचा आढावा घ्यावा लागतो. तो सुरू होत असल्याची सूचना लोकांना द्यावी, तळाशेजारच्या रहिवाशांना पुन्हा भेटावे, आणि निरीक्षण विहिरींचे आकडे मागील आढाव्याच्या आकड्यांशेजारी मांडून दाखवावेत.