स्फिअर मोजण्याआधी: सोलापुरात कॅन्सर स्टेम सेलवर काम सुरू करताना

एमटीटीत, म्हणजे रंगावरून जिवंत पेशी मोजणाऱ्या चाचणीत, औषधाने ९० टक्के पेशी मारल्या म्हणून हुरळून जाऊ नका. उरलेल्या १० टक्क्यांत कॅन्सर स्टेम सेलच (नव्याने ट्यूमर उभारू शकणाऱ्या पेशी) असतील तर ट्यूमर पुन्हा उभा राहतो, आणि एमटीटीला हा फरक कळत नाही. म्हणून स्फिअर करायचे, म्हणजे तळाला न चिकटता एकेका पेशीपासून वाढलेले गोळे. नवखे फसतात ते इथेच.

माध्यमाची कृती सगळीकडे मिळते: सीरम नाही, बी-२७ हे पूरक मिश्रण, ईजीएफ आणि बीएफजीएफ ही वाढीची प्रथिनं प्रत्येकी २० नॅनोग्रॅम प्रति मिली, आणि पेशी चिकटू न देणारी लो अटॅचमेंट प्लेट. पण पेशी दाट टाकल्या तर रात्रीतून एकमेकींना चिकटतात. दुसऱ्याच दिवशी मोठे गोळे दिसले तर समजा, तो गुच्छ आहे. एका पेशीपासून वाढायला ७ ते १० दिवस लागतात. पेशी ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, सुट्या झाल्यात का ते मायक्रोस्कोपखाली बघा, मिलीला ५०० ते १००० पेक्षा जास्त टाकू नका आणि प्लेट सारखी बाहेर काढून हलवू नका. तरी शंका उरली तर अर्ध्या पेशी हिरव्या, अर्ध्या लाल रंगवून एकत्र टाका. दुरंगी गोळे निघाले की स्फिअर बनवणाऱ्या पेशींची तुमची टक्केवारी खोटी. मग गोळे सुटे करून पुन्हा पेरा. स्वतःसारख्या पेशी पुन्हा घडवण्याची ताकद दुसऱ्या पिढीतच कळते.

औषध थेट स्फिअरच्या माध्यमात घालणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. वाढ नुसती मंदावली तरी गोळे लहान दिसतात. आधी चिकटून वाढणाऱ्या पेशींना औषध द्या, धुवा, जिवंत पेशी मोजा आणि तेवढ्याच पेशी औषधाविना पेरा. सोबत तुलनेसाठी पॅक्लिटॅक्सेल (केमोथेरपीचं औषध) आणि सॅलिनोमायसिन (एक अँटिबायोटिक) ठेवा: २००९ च्या स्तनकर्करोगावरच्या कामात पॅक्लिटॅक्सेलनंतर स्टेम सेलचं प्रमाण वाढलं, सॅलिनोमायसिननंतर घटलं. तुमच्या प्लेटमध्ये हा फरक दिसत नसेल तर नव्या औषधाबद्दल बोलूच नका.

सोलापूरचा मे वेगळाच छळतो. साधा इन्क्युबेटर तापवतो, थंड करत नाही. वीज गेली की तो यूपीएसवर चालू राहतो, एसी मात्र बंद. खोली ४० ला पोचते आणि पेशी ३७ च्या वर जातात. एसीलाही बॅकअप मागा, नाहीतर दहा दिवसांचे स्फिअर जूननंतर लावा.

पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) घ्या, शेजारच्या लॅबमधून नको. आल्या की मायकोप्लाझ्मा (पेशींना नकळत लागणारा सूक्ष्म जिवाणू) तपासा. गाइड निवडताना त्यांच्याकडे फसलेल्या प्लेटचे फोटो मागा. न कचरता दाखवणारे भेटले तर त्यांच्याकडेच काम करा. पहिले काही महिने आकडे जुळत नाहीत, हे सगळ्यांचंच होतं, घाबरू नका.