मुलांची बसण्याची ढब आणि जबड्याचा सांधा

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवून मुलाला सावकाश तोंड उघडायला सांगावे. बोटाखाली जे सरकते, तो जबड्याचा सांधा. मान पुढे काढून मोबाईलवर तासन्‌तास वाकणाऱ्या मुलाचे मानेचे व चावण्याचे स्नायू ताणलेले राहतात आणि त्याचा भार या सांध्यावर येऊ शकतो. मात्र केवळ पोक काढल्यानेच सांधा बिघडतो, असे सिद्ध झालेले नाही. झोपेत दात खाणे, मार लागणे, मनावरचा ताण, क्वचित संधिवात हीही कारणे असतात, म्हणून मुलाला सारखे टोचून बोलू नये.

त्याला बाजूने पाहावे. कान खांद्याच्या रेषेत हवा. मग त्याचीच तीन बोटे, एकावर एक धरून, पुढच्या दातांमध्ये मावतात का ते पाहावे, जबरदस्ती नको.

अभ्यासाला पाय जमिनीला टेकतील अशी बैठक द्यावी, हनुवटीला हाताचा टेकू देण्याची सवय सोडवावी आणि दर अर्ध्या तासाने त्याला उठवावे. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असे केंद्राचे २०२० चे धोरण सांगते. एरवी ओठ मिटलेले, दात मात्र सुटे, हे शिकवावे.

जबडा दुखत असेल, तर आपल्या कोल्हापुरात गाळपाच्या दिवसांत मुले दातांनी सोलून खातात तो ऊस काही दिवस बंद ठेवावा आणि भाकरी दुधात कुस्करून द्यावी. वेदनेविना नुसता ‘टक्‌’ आवाज येत असेल, तर बहुधा उपचार लागत नाहीत. पण जबडा अडकू लागला, सकाळी आखडू लागला किंवा हनुवटी एका बाजूला सरकलेली दिसली, तर बालदंतरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.