पारा, गॅलियम, ब्रोमीन : या चुका टाळा

थर्मामीटर फुटला की पहिला हात झाडूकडे जातो. बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, तरी ही चूक दरवर्षी बघतो. झाडूने पारा गोळा होत नाही, फुटतो. एका मण्याचे पन्नास बारीक मणी होतात, फरशीच्या फटीत शिरतात आणि तिथून महिनोन्महिने वाफ सोडत राहतात. त्या वाफेला ना रंग, ना वास. व्हॅक्यूम क्लीनर तर ती खोलीभर फेकतो.

एकदा नववीच्या तासाला थर्मामीटर फुटला. मी पोचेपर्यंत नव्या बाईंनी मणी तळहातावर गोळा केले होते, आणि बोटातली सोन्याची अंगठी बघता बघता पांढरी पडली. पारा सोन्यात मुरतो. घरच्यांनी ती तापवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी फोन करून थांबवलं. तापवली की पारा उडतो आणि सोनाराच्या छातीत जातो. सोनाराला आधी सगळं सांगा, मग काय करायचं ते तो ठरवेल.

माझी सवय अशी: मुलं बाहेर, पंखा बंद, खिडक्या उघड्या, अंगठ्या काढायच्या, हातमोजे घालायचे. जुन्या लग्नपत्रिकांचे दोन तुकडे माझ्या ड्रॉवरमध्ये कायम असतात. त्यांनी मणी एकमेकांकडे सरकवले की एकजीव होतात, मग ड्रॉपरने उचलायचे. नंतर खोलीत अंधार करून टॉर्च फरशीला टेकवून आडवी धरा. राहिलेले मणी चमकतात, ते चिकटपट्टीला येतात. सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत. बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही.

गॅलियम (हाही एक धातू) हल्ली ऑनलाइन मिळतं. 29.76 अंशांना वितळतं, म्हणून मुठीत पाणी होतं आणि मुलं हरखतात. हरखावंच. पण ते काचेच्या बाटलीत गच्च भरून ठेवू नका. गोठताना ते पाण्यासारखंच फुगतं, सुमारे 3 टक्के. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत आमच्या कपाटातली बाटली अशीच तडकली. प्लास्टिकची बाटली घ्या, वर जागा सोडा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर वितळवूच नका. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणाकणांमध्ये शिरतं आणि भांडं बिस्किटासारखं हाताने तुटतं.

आणि 25 अंशांनाही गोठत नाही म्हणून माल खोटा ठरवायची घाई नको. द्रव गॅलियम वितळण्याच्या तापमानाखालीही तसंच द्रव रेंगाळतं. घन गॅलियमचा एक कण त्यात टाका आणि वाट बघा.

ब्रोमीन हा विषारी द्रव. तो 58.8 अंशांना उकळतो, पण त्याआधीच तांबूस वाफा सोडतो. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) आणि शेजारी ब्रोमीन निष्प्रभ करणारं हायपोचं (सोडियम थायोसल्फेटचं) द्रावण तयार नसेल तर बाटली उघडू नका. शाळेला ब्रोमीन वॉटर, म्हणजे ब्रोमीनचं पाण्यातलं पातळ द्रावण, पुरतं.

सीझियम हा धातूही 28.5 अंशांना वितळतो, पण हवेत पेट घेतो. बंद कुपीतच बघा.