पुली बदलण्याआधी प्लग काढून बघा

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, लेक हवासूवर, ८.२ लिटरच्या बिग-ब्लॉक (मोठ्या आकाराच्या) इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप (ब्लोअर), चढवलेल्या बोटी पळतात. वेग हवा म्हणून लोक आधी ब्लोअरची पुली (पट्ट्याने फिरणारं चाक) छोटी करतात, म्हणजे ब्लोअर जोरात फिरून बूस्ट, अर्थात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढतो. माझ्या मते हीच घाई पिस्टन खाते. गाडीला उतार मिळतो, बोटीला कधीच नाही. प्रॉपेलर सतत पाणी ढकलत असतो, त्यामुळे इंजिनाला दम घ्यायला जागाच नाही.

म्हणून फुल थ्रॉटलवर एक छोटी फेरी मारा, मग वेग उतरवून लगेच इंजिन बंद करा. आयडलवर (थ्रॉटल न देता) इंजिन चालू ठेवून रेंगाळू नका. थंड झाल्यावर सगळे स्पार्क प्लग काढून भिंगाखाली पाहा. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा चकचकीत ॲल्युमिनियमचे कण दिसले, तर इंजिनात नॉकिंग होतंय, म्हणजे इंधन नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटतंय. पिस्टनच झिजून तिथे येतोय! टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन अंश मागे घ्या, मिश्रण थोडं रिच करा, म्हणजे हवेच्या मानाने इंधन वाढवा. तरी ठिपके आले तर मोठी पुली लावून बूस्ट उतरवा. एकाच सिलिंडरचा प्लग पांढराफटक असेल, तर तिथलं इंधन कमी पडतंय.

आणि ऑक्टेन म्हणजे इंधनाची नॉकिंग रोखण्याची ताकद; तिथल्या पंपावरचा ९१ ऑक्टेन म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत साधारण ९५-९६. आकडे तसेच उचलू नका.