रॉटरडॅममधील जुने घर घेताना आलेला अनुभव
नेदरलँड्समधल्या दक्षिण रॉटरडॅममध्ये, आफ्रिकान्डर चौकात बुधवारी आणि शनिवारी भरणाऱ्या बाजारापासून जवळच, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेले जुने घर आम्ही पसंत केले. परंतु जिन्यालगतच्या भिंतीत करंगळी शिरेल एवढी तिरकी भेग होती. येथील अनेक जुनी घरे पायाखाली जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभी आहेत आणि भूजलाची पातळी खालावली की उघडे पडलेले खुंट कुजतात. करारानंतर फेरविचारासाठी मिळणाऱ्या ३ दिवसांत या खुंटांची तपासणी उरकणे शक्य नसल्याने मी करारातच पायाच्या तपासणीची अट घालून घेतली. शेजारच्या तुर्की आजींनी आपल्या घरातली तशीच भेग आपणहून दाखवली, याचे मोल मला फार वाटते. खुंट खराबच निघाले. किंमत उतरली आणि दुरुस्तीचा खर्च शेजाऱ्यांसह वाटून घेण्याचे लेखी ठरल्यावरच आम्ही नोटरीसमोर सह्या केल्या.