जुन्या इमारतींच्या कामाचं सर्टिफिकेशन करायचंय? नागपुरात बसून तयारी कशी करायची ते सांगते

सिव्हिलचा डिप्लोमा नाहीतर बीई करून काही वर्षं साइटवर काढलेली पोरं-पोरी हल्ली सारखं एकच विचारून राहिले, मॅडम हेरिटेजच्या कामात यायचंय, कोणता कोर्स करू. आणि विचारतानाच त्यांच्या डोक्यात असतं की सहा महिन्यांचे क्लास, शेवटी एक पेपर, मग फ्रेम करून लावायला सर्टिफिकेट. कोर्स तसे आहेत, नाही असं नाही, पण ज्याला अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात ते वेगळं प्रकरण आहे. कोर्स तुम्हाला शिकवतो, अ‍ॅक्रेडिटेशनवाले तुम्ही आजवर काय केलं ते तपासतात. तिथे कोणी शिकवायला येत नाही, तुम्हीच पुरावे घेऊन जायचं असतं.

आपल्याकडे आर्किटेक्टला 1972 च्या कायद्याखाली काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं, पण जुन्या इमारतींचं जतन करणाऱ्यांसाठी असं वेगळं कायदेशीर रजिस्टर नाही. ब्रिटनमधे मात्र हे बरंच पक्कं झालेलं आहे. आर्किटेक्टसाठी एएबीसीचं रजिस्टर, इंजिनिअरसाठी तिथल्या दोन इंजिनिअरिंग संस्थांनी मिळून चालवलेलं केअर नावाचं रजिस्टर, इमारती तपासणाऱ्या सर्व्हेअरसाठी त्यांच्या आरआयसीएस संस्थेचं, सगळ्या शाखांच्या लोकांसाठी आयएचबीसी या जतनवाल्यांच्या संस्थेचं सदस्यत्व, आणि बांधकाम चालवणाऱ्या, म्हणजे साइट मॅनेजर, कॉन्ट्रॅक्टरकडचे लोक यांच्यासाठी सीआयओबी या बांधकामवाल्यांच्या संस्थेची स्कीम. तिथे सरकारी अनुदानातून मोठ्या वारसा इमारतीचं काम निघालं की प्रमुख माणूस अ‍ॅक्रेडिटेड असावा लागतो, म्हणून हे सगळं उभं राहिलं. मी बांधकामाच्या बाजूने गेले कारण माझं आयुष्य साइटवरच गेलं, ड्रॉइंग बोर्डवर नाही. प्रत्येक स्कीमचे फॉर्म, फी, पायऱ्या वेगळ्या असतात आणि बदलत पण राहतात, त्यामुळे ते त्या-त्या संस्थेकडूनच बघा, माझ्यावर जाऊ नका.

पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी आहे आणि नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी. इकोमॉस या वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1993 मधे कोलंबोला प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यातल्या पाचव्या परिच्छेदात जतनाचं काम करणाऱ्याला काय काय यायला पाहिजे याचे 14 मुद्दे आहेत. छोटासाच मजकूर आहे, फुकट मिळतो. ब्रिटनमधल्या या स्कीम त्याच मुद्द्यांवर बेतलेल्या आहेत. मी तो प्रिंट काढून साइट ऑफिसच्या कपाटाला चिकटवला होता, वर चहाचे डाग पडलेत.

वाचल्यावर पहिल्यांदा वाटतं की अरे हे तर आपण रोजच करतो. ऱ्हासाची आतली आणि बाहेरची कारणं शोधता येणं, करतो ना. अवशेष, इमारत पाहून त्यात तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही कळेल असा रिपोर्ट लिहिता येणं, हां लिहितो कधीमधी. दुसऱ्याचा सल्ला कधी घ्यायचा ते ओळखता येणं. केलेल्या कामाची नोंद ठेवून ती इतरांना बघायला मिळेल असं करणं. इथे गाडी अडते. कारण करतो सगळेच, पण केल्याचा कागद कोणाकडे नसतो, आणि का केलं याचा तर नसतोच नसतो.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. असेसरला, म्हणजे अर्ज तपासणाऱ्याला, तुम्हाला चुन्याचं काम येतं का यात फार रस नसतो, तुम्ही तो पर्याय का निवडला आणि बाकीचे का सोडले यात असतो. म्हणून आत्तापासून, फॉर्म भरायच्या कितीतरी आधीपासून, निर्णयांची वही ठेवा. कामाची डायरी नाही म्हणते मी, आज किती मजूर आले आणि किती गोण्या लागल्या ती मुकादम ठेवतोच. निर्णयांची.

उदाहरण देते. नागपूरच्या महाल भागातला एक जुना वाडा, नाव नको, पाच चुलतभावांच्या मालकीचा. खालच्या खणांच्या भिंतींना गुडघ्याच्या वरपर्यंत ओल, लोणा (क्षारांची पांढरी पूड) फुटलेला, आणि आधी कोणीतरी वरून सिमेंटचं प्लास्टर चोपडलेलं. हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर जागोजागी पोकळ आवाज. एक तुकडा काढला तर मागच्या विटा बोटाने खरडल्या तरी भुगा होऊन पडत होत्या. घरच्यांचं म्हणणं सरळ होतं, हे प्लास्टर खराब झालं, नवीन चांगलं वॉटरप्रूफ प्लास्टर मारून द्या, बजेट एवढं आहे.

आता इथे बहुतेक इंजिनिअर लगेच चुन्यावर जातो, की जुनी भिंत आहे, चुन्याचं प्लास्टर करा, झालं. बरोबर पण आहे ते, सिमेंटच्या थराने भिंतीतली ओल बाहेर पडायची बंद होते, पाणी दुसरी वाट शोधत वर चढतं आणि क्षार विटेच्या आत साचून वीट फोडतात. पण पाणी येतं कुठून हा प्रश्न तसाच राहतो ना. आम्ही बाहेर जाऊन बघितलं तर गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला होता आणि झाल्यावर तो वाड्याच्या जोत्याच्या वर आला होता. नागपुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको, अर्ध्या शहरात घरं खाली आणि रस्ता वर अशी गत आहे. पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी. म्हणजे दुखणं रस्त्यात आणि औषध आपण प्लास्टरला देऊन राहिलो.

मग वहीत असं लिहिलं: पर्याय एक, सिमेंट वॉटरप्रूफ, सोडला, कारण अमुक. पर्याय दोन, भिंतीत केमिकलचं इंजेक्शन, सोडला, कारण भिंत आतून दगडमातीच्या भरावाची आहे, केमिकल सलग बसेल याची खात्री नाही आणि एकदा घातलं की काढता येत नाही. पर्याय तीन, नुसतं चुन्याचं प्लास्टर, अर्धवट, कारण पाणी चालूच राहील. पर्याय चार, आधी बाहेरच्या बाजूने चर खणून पाण्याला वाट, सिमेंट काढणं, भिंत एक हंगाम उघडी ठेवून वाळू देणं, मग चुना. चौथा निवडला. आणि त्याखाली, घरचे एक हंगाम थांबायला तयार नव्हते, काय बोलणं झालं, शेवटी पुढचे दोन खण आधी करायचे आणि मागचे नंतर असं ठरलं. हे शेवटचं वाक्य पण महत्त्वाचं, कारण 14 मुद्द्यांतला शेवटचा मुद्दा नेमका तोच आहे, तिथे राहणारे लोक, प्रशासन, प्लॅनर यांच्यासोबत काम करून भांडणं सोडवता येणं. पाच चुलतभावांना एका कागदावर सह्या करायला लावणं हे माझ्या मते चुना विरवण्यापेक्षा अवघड काम आहे.

हे एक पान पुढे माझ्या केस स्टडीचा कणा झालं. बाकी फोटो, ड्रॉइंग, बिलं हे सगळं त्याला लटकवलं फक्त.

दुसरी गोष्ट, टेस्टचे पुरावे. मोठी लॅब लागत नाही प्रत्येक वेळी. जुना चुना-मसाला काय होता हे बघायला आम्ही भिंतीच्या आतल्या सांध्यातला खडा काढला, वाळवला, वजन केलं, हलक्या हाताने मोकळा केला आणि पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमधे टाकला. चुना फसफसून विरघळतो आणि खाली रेती राहते. ती धुऊन, वाळवून, पुन्हा वजन करून चाळण्यांतून चाळायची. आमच्या बशीत गोलसर जाड नदीची रेती राहिली आणि त्यात लाल कण, म्हणजे सुरखी, विटांचा चुरा. तेवढ्याने नवीन मसाल्याचं प्रमाण ठरवायला आधार मिळाला आणि कन्हानची तशीच जाड रेती शोधता आली. रेतीत चुनखडीचे कण असतील तर तेही विरघळतात आणि हिशोब चुकतो, हे रिपोर्टमधे लिहायचं, लपवायचं नाही. आणि हो, अ‍ॅसिड पाण्यात टाकायचं, पाणी अ‍ॅसिडमधे नाही, चष्मा-हातमोजे घालून. हे सांगावं लागतं, साइटवर काय काय बघितलंय मी.

चुना आम्ही कटनीकडचा कळीचा, म्हणजे न विरवलेला, आणला, हौदात विरवून मुरत ठेवला. आमचे मिस्त्री जुन्या वळणाचे, ते म्हणे ताई, बेलाचं पाणी आणि गूळ घातल्याशिवाय चुना धरत नाही. अ‍ॅक्रेडिटेशनच्या इंटरव्ह्यूत (व्हिडिओ कॉलवर झाला) असेसर बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, की हे तुम्ही मिस्त्री म्हणाले म्हणून घातलं की तपासून घातलं. नशीब की मागच्या भिंतीवर नमुन्याचे पट्टे करून ठेवले होते, गुळाचा, बेलाचा, दोन्हीचा आणि काहीच न घातलेला, प्रत्येकाखाली तारीख आणि प्रमाण पेन्सिलीने. ते फोटो दाखवले आणि विषय संपला. मिस्त्रींचं नाव पण रिपोर्टमधे टाकलं होतं मी, त्यांना कळलं तेव्हा म्हणाले विलायतेत आपलं नाव गेलं का ताई, आणि दोन दिवस सगळ्या मजुरांना सांगत फिरले.

नागपूरच्या हवेबद्दल वेगळं लिहा अर्जात. तिकडच्या पुस्तकांत चुन्याला थंडीपासून, गोठण्यापासून वाचवा असं असतं, इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि प्लास्टर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट व्हायच्या आत सुकून जातं, मग हात लावला की पावडर. म्हणून आम्ही पावसाळ्यानंतर काम घेतो, आणि तरी ओल्या गोणपाटाचे पडदे लावतो, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतो. पुस्तकातलं तसंच्या तसं लिहून पाठवलं तर असेसरला लगेच कळतं की हा माणूस भिंतीजवळ उभा राहिलेला नाही.

मला येत नाही हे पण लिहायचं असतं, याचं लोकांना फार आश्चर्य वाटतं. वाड्याच्या सागवानी तुळयांची भिंतीतली टोकं कुजली होती. किती कुजली, किती भार घेऊ शकतात, हे माझं काम नाही, मी स्ट्रक्चरलवाल्या सरांना बोलावलं आणि कुठल्या प्रश्नासाठी बोलावलं ते पत्रात नेमकं लिहिलं. ते पत्र मी पुरावा म्हणून जोडलं. सल्ला कधी मागायचा ते कळणं हा त्या यादीतला स्वतंत्र मुद्दा आहे. इथे आपल्या लोकांचा इगो आडवा येतो, साइटवर मला माहीत नाही म्हटलं की किंमत कमी होते असं वाटतं.

अभ्यासाला काय वाचावं तर ढीग करू नका. जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या तीन सनदी वाचा: 1964 ची व्हेनिस सनद, ऑस्ट्रेलियावाल्यांची 1979 पासूनची बुरा सनद (हिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्यात, नवीन वाचा), आणि इंटॅक या आपल्या वारसा जतनाच्या संस्थेची 2004 ची सनद. इंटॅकची नक्की वाचा, कारण जिथे पिढीजात कारागीर अजून काम करतात तिथे काय करायचं हे त्यात येतं आणि युरोपच्या सनदींत ते तसं नाही. तांत्रिकसाठी सीपीडब्ल्यूडीचं (केंद्राचं बांधकाम खातं) 2013 चं हेरिटेज इमारतींचं हँडबुक, चुन्यासाठी आयएस 712 हे भारतीय मानक, ब्रिटिश स्कीमला जाणार असाल तर जुन्या इमारतींच्या जतनाचं ब्रिटिश मानक बीएस 7913. कायद्यात किमान एवढं पाठ पाहिजे की केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे 200 मीटर परवानगीचा पट्टा. हे इंटरव्ह्यूत विचारोत न विचारोत, साइटवर लागतंच.

आणि सराव घरबसल्या नका करू. रविवारी सकाळी सावजी नाहीतर तर्री पोहे खाऊन झाले की एका इमारतीसमोर उभं राहा. 1925 ची रेल्वे स्टेशनची इमारत घ्या, 1940 ची हायकोर्टाची घ्या, अजब बंगला म्हणजे सेंट्रल म्युझियम घ्या, महालचं गांधी गेट घ्या. एकच पान लिहायचं: या इमारतीत महत्त्वाचं काय आहे, बिघडलं काय, कशामुळे, आणि आपण काय करणार नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खातो. वालुकाश्मावर पावसाच्या पाइपखाली काळे ओघळ दिसले की हात शिवशिवतात सँडब्लास्टिंगने चकाचक करायला, तिथे थांबून आधी पाइप गळतो का बघायचं, आणि दगडाचा वरचा थर गेला की परत येत नाही हे लिहायचं.

पैशाचं खरं सांगते. फी पाउंडात असते, वर दरवर्षीचं सदस्यत्व, वर ठराविक वर्षांनी पुन्हा सिद्ध करायचं. इथल्या टेंडरमधे कोणी हे सर्टिफिकेट मागत नाही, अजून तरी मी बघितलं नाही, उलट आयटम सिमेंटचाच असतो आणि चुन्यासाठी भांडावं लागतं. मला फायदा झाला तो बाहेरचे कन्सल्टंट फोन उचलायला लागले असा, आणि माझे रिपोर्ट सुधारले असा. आखाती देशांत किंवा ब्रिटनमधे जायचा विचार असेल तर कामाचं आहे. फक्त नागपुरात राहून कॉन्ट्रॅक्ट घ्यायचे असतील तर आधी तोच पैसा चांगल्या मिस्त्रींना वर्षभर धरून ठेवण्यात घाला, सर्टिफिकेट नंतर बघू. आणि फ्रेशर असाल तर अर्ज करूच नका, दाखवायला कामं नाहीत तर असेसर काय तपासणार, तेवढा वेळ वहीला द्या.

फोटोंचं सांगायचं राहिलं. आधीचे आणि नंतरचे सगळ्यांकडे असतात, मधले नसतात, आणि विचारतात ते मधलेच, प्लास्टर काढल्यावर भिंत कशी होती, तुळई उचलली तेव्हा आधार कुठे होते. फोटोत पट्टी किंवा निदान एक वीट ठेवा मापासाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवलेल्या फोटोंवर राहू नका, क्वालिटी जाते आणि मूळ तारीख पण जाते, ओरिजिनल त्याच दिवशी वेगळ्या फोल्डरमधे टाकायचे. आणि मालकाकडून फोटो, नकाशे अर्जात वापरायची लेखी परवानगी कामाच्या सुरुवातीलाच घ्या, काम संपल्यावर शेवटच्या बिलाची घासाघीस चालू असताना मागितली तर कोणी देत नाही.